काचबिंदूत नस का मरते? एका जुन्या वादाचा इतिहास

मंडळी, शिरूर-दौंडकडे काचबिंदू म्हटलं की बरेच जण मोतीबिंदूच समजतात आणि ‘पिकू द्या, मग बघू’ म्हणतात. मोतीबिंदूत गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत मरते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, आणि गेलेली नजर परत येत नाही. ही नस नेमकी कशाने मरते, यावर दीडशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढे मांडलं. त्यातून काचबिंदूचे डोळे पाहताना बर्लिनच्या ग्रेफे यांना नसेचं तोंड फुगलेलं दिसलं. तिथे खरं तर खळगा होता! आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना ही गोष्ट फार मोलाची वाटते. उपकरण बरोबर होतं, चुकला तो अर्थ. ग्रेफे यांनी मत बदललं आणि १८५७ मध्ये डोळ्यातला दाब उतरवणारी शस्त्रक्रियाही दिली.

मग आलं १८५८. म्यूलर म्हणाले, दाब नसेला मागे ढकलतो आणि तिचे तंतू चिरडतो. त्याच वर्षी व्हिएन्नाचे येगर म्हणाले, दोष रक्तपुरवठ्यात आहे. झाले दोन तट. दाबाचा पक्ष वरचढ ठरला, कारण दाब मोजता येऊ लागला, उतरवताही येत होता. नसेच्या तोंडाशी वाहणारं रक्त कोण मोजणार? जे मोजता येतं तेच कारण, असं मानायचा मोह विज्ञानालाही होतो बरं का.

पण काही रुग्णांचा दाब २१ च्या आत, म्हणजे नॉर्मल, तरी नस मरते. त्याचं काय?

इथे पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले सोहनसिंग हायरे यांचं नाव घ्यायला हवं. नसेच्या तोंडाला रक्त मुख्यतः डोळ्यामागून येणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं, आणि दोन धमन्यांच्या हद्दींमधला पट्टा सर्वांत कमजोर असतो, हे त्यांनी दाखवलं. तुम्हांला हे वेगळं समजवायला नको. खडकवासल्याचा कालवा दौंडला येतो, चासकमानचा शिरूरला. आवर्तन सुटलं की वरच्यांचं भिजतं आणि टेलवाला वाट बघत बसतो. वरून पाणी कमी सुटलं तरी आधी टेलच सुकतो, आणि वाटेत कुणी पाणी अडवलं तरी टेलच. नसेचंही तसंच. रक्ताचा दाब वजा डोळ्याचा दाब, एवढाच जोर तिच्या वाट्याला येतो. झोपेत रक्तदाब उतरतो. काहींचा फारच उतरतो, याकडे हायरे यांनी १९९४ मध्ये लक्ष वेधलं. म्हणून काचबिंदू असेल आणि रात्री बीपीची गोळी घेत असाल, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता प्राणवायू. नसेचे तंतू डोळ्याबाहेर पडताना चाळणीसारख्या पडद्यातून जातात. तिथपर्यंत त्यांच्यावर वेष्टन नसतं, त्यामुळे संदेश पुढे न्यायला ऊर्जा फार लागते, आणि ऊर्जेला प्राणवायू. २००४ मध्ये टेझेल आणि वॅक्स यांनी काचबिंदूच्या रुग्णांचे मरणोत्तर मिळालेले डोळे तपासले. पेशीला प्राणवायू कमी पडला की वाढणारं एक प्रथिन तिथे वाढलेलं सापडलं. काही डोळ्यांत तर जिथली नजर गेली होती, नेमकं तिथेच. पेशी प्राणवायूची टंचाई कशी ओळखते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

म्हणजे म्यूलर बरोबर की येगर? आमच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला गेला. दाब तंतूंना चिरडतो तसा बारीक रक्तवाहिन्यांनाही चिमटतो. पण टंचाई आधी की नसेचं मरण आधी, हे मेलेल्या डोळ्यावरून ठरत नाही. तो वाद चालू आहे. तेव्हा कुणी प्राणवायूचा किंवा श्वासाचा उपाय विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सिद्ध उपाय आजही दाब उतरवणं हाच. दाब नॉर्मल असलेल्या रुग्णांतही तो सुमारे ३० टक्के उतरवला तर बिघाड मंदावतो, हे १९९८ च्या चाचणीत दिसलं. म्हणून डोळे तपासायला गेलात आणि दाब नॉर्मल निघाला, तर लगेच उठू नका. नसेचं तोंड पाहिलं का, ते विचारा. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर सख्ख्या भावंडांनाही बरोबर न्या.