काळा घोडा : नऊ दिवसांचा उत्सव आणि वर्षभराचा रस्ता

एखादा रस्ता पुन्हा जिवंत झाला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय जिवंत झालेले असते? इमारती, दुकाने, की तेथे रोज येऊन बसणारी माणसे? मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसराचा गेल्या पाव शतकाचा इतिहास हा प्रश्न विचारण्यासाठी आम्हांस फार सोयीचा वाटतो. स्थानिक संस्था, दुकानदार आणि लोकोत्सव यांच्या बळावर जुना रस्ता सावरण्याचा आपल्याकडील तो एक लक्षणीय प्रयत्न आहे. शिवाय साहित्याच्या अभ्यासकासाठी या रस्त्याची आणखी एक नोंद उपलब्ध आहे. ती एका कवीने केलेली आहे आणि ती अधिकृत इतिहासाशी पुरती जुळत नाही.

आधी नावाविषयी. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. त्या तटाची आठवण 'रँपार्ट रो' या नावात उरली. पुढे या रस्त्याला के. दुभाष मार्ग हे नाव मिळाले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ मधील भारतभेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. जोसेफ एडगर बोह्म या शिल्पकाराने घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण १८७९ मध्ये झाले. लोकांनी मात्र स्वार बाजूला ठेवून घोड्याचेच नाव चौकाला दिले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलविला गेला, त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या, आणि तरीही चौक 'काळा घोडा'च राहिला. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा आला, तोही स्वाराविना. बावन्न वर्षे हे नाव केवळ लोकांच्या जिभेवर टिकले होते. रस्त्याचे खरे दप्तर कोठे असते, याची ही पहिली खूण म्हणावयास हरकत नाही.

या चौकाभोवती संस्थांची दाटी विलक्षण आहे. १८७० मध्ये पूर्ण झालेली डेव्हिड ससून ग्रंथालयाची वास्तू, शेजारी एल्फिन्स्टन महाविद्यालय, १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी, आणि १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात आलेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. जवळच वॉटसन्स हॉटेलची इमारत, जेथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखविली गेली. परंतु संस्था असणे वेगळे आणि रस्ता असणे वेगळे. नव्वदच्या दशकापर्यंत या वास्तू एकमेकींकडे पाठ करून उभ्या असल्यासारख्या होत्या. मध्ये वाहनतळ, वर पडझड, आणि कचेऱ्या सुटल्यावर शुकशुकाट.

हे चित्र पालटण्याच्या प्रयत्नाला दोन गोष्टींचा आधार मिळाला. मुंबईची वारसा-नियमावली १९९५ मध्ये लागू झाली आणि जुन्या इमारतींना कायद्याचे काही संरक्षण लाभले. दुसरीकडे अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने फोर्ट विभागाचा अभ्यास करून काळा घोडा हा 'कला-परिसर' म्हणून पाहावा, अशी कल्पना मांडली. वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा हे या विचारामागील एक प्रमुख नाव. जुनी इमारत केवळ जुनी आहे म्हणून टिकत नाही, आज तिचा उपयोग काय हे ठरले तरच ती टिकते, असा या मांडणीचा गाभा होता. त्यातून १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ मध्ये पहिला काळा घोडा कला महोत्सव भरला. महोत्सवातून परिसराच्या जतनासाठी निधी आणि लोकांची आस्था उभी करावयाची, ही त्यामागची योजना.

ही योजना पुष्कळ अंशी सफल झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नऊ दिवसांच्या या उत्सवात रँपार्ट रो वाहनांना बंद होतो. ज्या डांबरावर एरवी मोटारी असतात तेथे मांडणी-शिल्पे आणि हस्तकलांचे गाळे उभे राहतात. साहित्याचे कार्यक्रम ससून ग्रंथालयाच्या बागेत होतात, वारसा-फेऱ्या निघतात, आणि या साऱ्याला तिकीट नसते. तिकीट नसणे ही बाब आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ज्याने कधी कलादालनाची पायरी चढली नाही, असा उपनगरातील विद्यार्थी या निमित्ताने तेथवर पोहोचला. असोसिएशनच्या पुढाकाराने फोर्टातील वाडिया क्लॉक टॉवर आणि मुळजी जेठा कारंजे यांचे जीर्णोद्धारही झाले. 'काळा घोडा' हा शब्द उच्चारताच आज लोकांच्या मनात वाहनतळ येत नाही, हे यश लहान नव्हे.

मात्र याच काळात रस्त्यावरची रोजची ठिकाणे एकेक करून मिटत गेली. वेसाइड इन हे साधे उपाहारगृह नव्या शतकाच्या आरंभीच बंद झाले. जहांगीर आर्ट गॅलरीतील 'समोवार' हे १९६४ पासूनचे कॅफे, चित्रकारांनी पुदिना चहावर तासन्‌तास काढावेत असे ठिकाण, मार्च २०१५ मध्ये मिटले. चाळीसच्या दशकापासूनचे ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाले. तेथे विकत घेण्याआधी ध्वनिमुद्रिका ऐकून पाहता येई. थोड्या अंतरावर १९४८ मध्ये टी. एन. शानभाग यांनी सुरू केलेला स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये गेला. याच वर्षी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत.

या बंद होण्याचे खापर महोत्सवावर फोडणे अन्यायाचे होईल. कारणे निरनिराळी होती : कोठे जागेचा वाद, कोठे संगीताचे संगणकावर आणि फोनवर गेलेले वितरण, कोठे ग्रंथविक्रीचे बदललेले गणित. या सर्वांच्या तळाशी मुंबईच्या भाड्यांचा जुना तिढा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे छोटा दुकानदार मोक्याच्या जागी टिकला आणि स्वस्त चहाही टिकला. पण त्याच भाड्यात घरमालकाला डागडुजी परवडेना, म्हणून इमारती खचत गेल्या. वॉटसन्सच्या इमारतीचा एक भाग २००५ मध्ये कोसळला, तो अशा दीर्घ दुर्लक्षाचा शेवट होता. भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली, आणि बँका तसेच १ कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. म्हणजे पहिला महोत्सव आणि नवा भाडेकायदा ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. एकाने रस्त्याची किंमत लोकांच्या मनात वाढविली. दुसऱ्याने ती बाजारात वसूल करण्याचे दार किलकिले केले. जो रस्ता ओसाड होता म्हणून परवडत होता, तो सुंदर झाल्यावर कोणाला परवडणार, याचे उत्तर मात्र कोणाच्याच योजनेत नव्हते.

येथे अरुण कोलटकरांकडे वळावे लागते. वेसाइड इनच्या खिडकीपाशी बसून त्यांनी हा चौक वर्षानुवर्षे पाहिला, आणि त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह सिद्ध झाला. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने तो २००४ मध्ये, कवीच्या मृत्यूच्या काही महिने आधी, काढला. महोत्सव सुरू होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. पण या संग्रहातील काळा घोडा कला-परिसर नाही. तेथे भटके कुत्रे आहे, कचरा उचलणारी बाई आहे, महारोग्यांचा वाद्यवृंद आहे, चौकात इडल्या घेऊन येणारी आणि अवघ्या पदपथाला न्याहारी घालणारी स्त्री आहे. डेव्हिड ससूनही आहे, पण दाता म्हणून नव्हे. ग्रंथालयाच्या दर्शनी भागावरील दगडी मस्तक होऊन तो रस्त्याकडे पाहत बोलतो. वारसा-यादीत इमारतीचा दर्जा नोंदला जातो. या इडलीवालीची नोंद करणारा रकाना तेथे नसतो.

मेहरोत्रा यांनीच पुढे आपल्या लेखनातून 'स्थिर शहर' आणि 'गतिमान शहर' असा भेद मांडला. दगड-काँक्रीटचे ते स्थिर शहर, आणि मिरवणुका, फेरीवाले, तात्पुरते मांडव यांचे ते गतिमान शहर. या परिभाषेत सांगावयाचे तर महोत्सवाने गतिमान शहराची शक्ती नऊ दिवस उसनी घेऊन स्थिर शहर वाचविले. कोलटकरांनी उरलेल्या दिवसांचे गतिमान शहर लिहून ठेवले. त्या दिवसांना मात्र कोणी पुरस्कर्ता लाभला नाही.

इतरत्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. अमेरिकेत नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशनने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत बाजाररस्ता सावरण्याचा प्रयोग आरंभिला. त्यातून 'मेन स्ट्रीट' पद्धत निघाली. तिचे चार पाय आहेत : संघटन, प्रसिद्धी, रूपरचना आणि आर्थिक घडी. उत्सव हा त्यांपैकी केवळ प्रसिद्धीचा पाय. काळा घोड्याला पहिले तीन लाभले. चौथा, म्हणजे कोणती दुकाने कोणत्या भाड्याने टिकावीत याचा हिशेब, राहून गेला. फोर्टची भाडी आणि अमेरिकी गावांची भाडी यांची तुलना होत नाही हे खरे, परंतु पाय चार असावे लागतात ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

हा रस्ता आज मृत आहे, असे आमचे म्हणणे नाही. २००९ मध्ये रोपवॉक लेनमध्ये उघडलेल्या काळा घोडा कॅफेसारखी नवी ठिकाणे आली, आणि करोनाच्या खंडानंतर महोत्सवही पुन्हा भरू लागला. आमचे म्हणणे एवढेच, की गर्दीवरून रस्त्याची प्रकृती ठरवू नये. ज्याच्या खिशात एका चहापुरते पैसे आहेत त्याला मंगळवारी दुपारी तेथे तास-दोन तास बसता येते का, ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. कोलटकरांचा संग्रह हा अशाच बसण्यातून झाला. अभ्यासक्रमात तो शिकविताना प्रतिमा आणि लय यांच्या जोडीने त्या खिडकीचे भाडे कोण भरत होते, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. आणि पुढच्या कवीसाठी अशी खिडकी शहरात कोठे उरली आहे, याचा शोध त्यांना घ्यावयास लावावा.