शेतजमिनीचे प्लॉटिंग : पर्यावरण मंजुरी कधी लागते?

अहिल्यानगर जिल्ह्यात शहरालगत, सुपे औद्योगिक वसाहतीजवळ व शिर्डी परिसरात शेतजमिनी प्लॉटिंगसाठी विकसकाला दिल्या जातात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जमिनीचे उपविभाजन व रेखांकन हाही ‘विकास’च असल्याने त्यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पर्यावरण मंजुरी मात्र सर्वच रेखांकनांना लागत नाही. ती प्रकल्पाच्या आकारावर ठरते.

वर्गवारी (केंद्राची 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना)

- 8(अ) : एकूण बांधकाम 20 हजार ते दीड लाख चौरस मीटरपेक्षा कमी. सर्व मजल्यांचे क्षेत्र एकत्र मोजतात. आघात मूल्यांकन अहवाल लागत नाही. विहित नमुन्यातील अर्ज व संकल्पना आराखड्यावर छाननी होते.
- 8(ब) : प्रकल्पक्षेत्र 50 हेक्टर (सुमारे 124 एकर) किंवा अधिक, अथवा बांधकाम दीड लाख चौरस मीटर किंवा अधिक. हे प्रकल्प ‘ब-1’ वर्गात येतात, त्यामुळे पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल सक्तीचा आहे.

मंजुरी राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देते. यापेक्षा लहान प्रकल्पांना ही मंजुरी लागत नाही. मात्र अकृषिक वापर, तुकडेबंदी व रेखांकनाचे नियम लागू राहतात. भावकीतील शेतजमिनीच्या वाटणीचा या मंजुरीशी संबंध नाही.

करारापूर्वी तपासा

- एकाच विकसकाने 60 हेक्टरचा प्रकल्प 30-30 हेक्टरच्या दोन फायलींत दाखवला, तरी मर्यादा संपूर्ण प्रकल्पालाच लागू होते. विस्तारानंतर मर्यादा ओलांडली तरीही मंजुरी घ्यावी लागते. म्हणून शेजारचे कोणते गट त्याच विकसकाकडे आहेत, ते पाहावे.
- मंजुरी लागणार असेल, तर ती मिळण्यापूर्वी जमीन सुरक्षित करण्यापलीकडे काम करता येत नाही. सपाटीकरणही नाही.
- सातबारा आपल्या नावावर असेपर्यंत नोटीस आपल्याकडेही येऊ शकते. मंजुरीची जबाबदारी विकसकाची, हे विकसन करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्यावे.
- अशा गृहप्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळले होते. त्यामुळे सुनावणीच्या नोटिशीची वाट न पाहता विहिरी, ओढे, नाले व शिवरस्त्यांबाबतची हरकत ग्रामपंचायतीने वेळीच लेखी नोंदवावी. प्रस्तावाची स्थिती ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येते.
- कळसूबाई-हरिश्चंद्रगड (अकोले) व रेहेकुरी (कर्जत) अभयारण्यांच्या परिसरात वेगळे निर्बंध असू शकतात. तेथे आधी वन विभागाकडे चौकशी करावी.

गट नंबर, एकूण क्षेत्र व प्रस्तावित बांधकाम हे तीन आकडे घेऊन सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात विचारणा करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.