बंदुकीचा पट्टा : चामडे, सूत आणि नायलॉन

बंदुकीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. ती ज्या पट्ट्याने खांद्यावर लटकते त्या पट्ट्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. आपल्या स्मरणिकेत तरी त्यास जागा मिळावी असे आम्हांस वाटते. कारण या देशात शे-दीडशे वर्षे तो पट्टा चामड्याचा होता, आणि चामडे म्हटले की कातडी कमावणारे आणि आरी-रापी चालविणारे आपले पूर्वज आलेच.

मे 1818 मध्ये कर्नल अ‍ॅडम्स याच्या सैन्याने चांद्याचा किल्ला घेतला. त्या काळी कंपनी सरकारच्या शिपायाच्या अंगावरील पट्टे जाड पण मऊ अशा चामड्याचे असत. कातडे तेलात मळून ते कमावीत आणि कवायतीसाठी त्यावर पांढऱ्या मातीचा लेप देत. हा लेप पावसात ओघळे, म्हणजे शिपायास पुन्हा पट्टे सारवीत बसावे लागे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे चार वर्षांनी बाबूराव शेडमाके यांनी अहेरीच्या मुलखात उठाव केला व 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्यास फाशी देण्यात आले. या उठावाच्या आधीच, 1857 मध्ये, काडतुसांना लावलेल्या चरबीवरून उत्तरेत वणवा पेटला होता. त्याच शिपायांच्या छातीवर व खांद्यावर रोज चामडेच होते, आणि त्याविषयी कोणी तक्रार केल्याचे आमच्या वाचनात नाही. काडतूस दातांनी तोडावे लागे, पट्टा केवळ खांद्यावर राही, एवढाच तो भेद! मनुष्याच्या शिवाशिवीच्या कल्पना किती सोयीच्या असतात, हे यावरून कळावे.

1860 च्या दशकात कानपूर येथे सरकारी खोगीर व साज तयार करणारा कारखाना निघाला. तेथे बाभळीच्या सालीने कातडी कमावीत. ही रीत आपल्या वाडवडिलांच्या रीतीहून मुळात निराळी नव्हती. कातडे चुन्यात भिजवून केस काढावयाचे, ते धुवावयाचे, मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरत ठेवावयाचे. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंत शिरते, म्हणून ते कुजत नाही. आपल्याकडे कक्कय्या समाजाचे बांधव हेच करीत आणि कमावलेल्या चामड्यास आकार देण्याचे काम चर्मकाराकडे येई. फरक इतकाच की गावी मोट व जोडा होत असे. कारखान्यात साहेबाच्या मापाचे पट्टे होऊ लागले.

यात आपल्या जंगलाचाही वाटा आहे. चांद्याच्या रानातील हिरडा, ज्यास इकडे हर्रा म्हणतात, तो कातडी कमावण्याच्या कामी फार मोलाचा. ऐनाची सालही तशीच तुरट. मद्रासकडे तरवडाच्या सालीने कमावलेले चामडे उजेडाने तांबूस पडे. तो दोष टाळण्यासाठी त्यास शेवटी हिरड्याचे पाणी देत. पहिल्या महायुद्धात बुटांसाठी इंग्लंडने हे मद्रासी चामडे मोठ्या प्रमाणावर उचलले.

पण चामड्याचा शत्रू पाणी. भिजले की ते ताणते, वाळले की ताठ होते, तेल न मिळाल्यास तडकते आणि आपल्या श्रावण-भाद्रपदात त्यास बुरशी चढते. बोअर युद्धात (1899-1902) ब्रिटिशांस चामडी साजाच्या उणिवा जाणवल्या. अँसन मिल्स या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने काडतुसांचा कमरपट्टा अखंड सुतात विणण्याची युक्ती पूर्वीच काढली होती. 1908 मध्ये ब्रिटिश पायदळाने सुती साज पत्करला. ली-एनफील्ड रायफलीचा पट्टाही नवारीसारखा घट्ट विणलेला, सव्वा इंच रुंद, दोन्ही टोकांस पितळी पत्रा असलेला झाला. 1914 साली युद्ध पेटताच मागाचे उत्पादन अपुरे पडले आणि कमरपट्टे व काडतुसांच्या पिशव्या पुन्हा चामड्याच्या कराव्या लागल्या. ते मात्र अडीअडचणीपुरतेच.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्यांनी पट्टे शिवले त्यांच्या खांद्यावर बंदूक देण्यास सरकार नाखूष होते. लढवय्या जातींचे खूळ माजल्यावर तर दारे बंदच झाली. अखेर 1943 मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीने उत्तर हिंदुस्थानातील आपल्या बांधवांची चमार रेजिमेंट उभी राहिली आणि 1946 मध्ये मोडण्यातही आली. त्या तीन वर्षांत बंदूक खांद्यावर आली खरी, पण तोवर पट्टा सुताचा झाला होता.

ब्रह्मदेशच्या जंगलात सूतही कुजू लागले. म्हणून 1944 च्या नव्या साजास हिरवा रंग व कुजण्याविरुद्ध औषध देण्यात आले. नायलॉनचा शोध वॉलेस कॅरोथर्स याने 1935 मध्ये अमेरिकेत लावला होता. त्या देशाच्या सैन्याने व्हिएतनामच्या युद्धकाळात नायलॉनचा साज आणला. नायलॉन कुजत नाही, लवकर वाळते, वजनास हलके. मात्र उन्हाने त्याचा कस उतरतो व आगीने ते वितळते. 1982 मध्ये चांद्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे 1990 मध्ये स्थापन झालेल्या सी-60 पथकाचे जवान नदीनाले ओलांडत हिंडतात. दोन्ही हात मोकळे ठेवून पाण्यातून जाणाऱ्यास पट्ट्याची किंमत सांगावी लागत नाही, आणि अशा ठिकाणी चामड्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नव्हे हे आम्हीही मान्य करतो.

कानपूरचा तो कारखाना नाव बदलून आजही चालू आहे. 2021 पासून तो ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. आपल्या घरांतील आरी, रापी, जुने पट्टे मात्र माळ्यावर पडून आहेत. वाचकांस विनंती की, असे काही सापडल्यास ते भंगारात देऊ नये. कोणी वापरले, कोणत्या गावी, एवढे कागदावर लिहून त्यासोबत बांधून ठेवावे व मंडळास कळवावे.