गोल्फचं मैदान कुणाचं? एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न होताना



पीएच.डी.च्या तयारीत असलेले बरेच जण विषय सांगतात तेव्हा तो 'हे चांगलं की ते?' अशा रूपात असतो. असा प्रश्न चुकीचा नसतो, फक्त अर्धवट असतो. त्याचा संशोधन-प्रश्न कसा करायचा, हे आज एका उदाहरणातून पाहू. उदाहरण मुद्दाम परकं वाटेल असं घेतलंय: शहरात गोल्फ खेळायचा तर खाजगी क्लब बरा की सार्वजनिक मैदान?

तुम्ही म्हणाल, शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला गोल्फशी काय देणंघेणं? आमच्याकडे माळावर क्रिकेट होतं, तेही गुरं घरी गेल्यावर. पण हा प्रश्न नीट सोलत गेलं की तो आमच्याच दारात येऊन थांबतो. कसा, ते बघा.

पहिली पायरी: शब्द तपासा

'खाजगी' आणि 'सार्वजनिक' हे दोन कप्पे आपण गृहीत धरतो. इतिहासात ते इतके स्वच्छ कधीच नव्हते.

गोल्फचं माहेरघर म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथली जमीन समुद्राकाठची, वाळूची, शेतीला निरुपयोगी. गावकरी तिथे गुरं चारायचे, ससे धरायचे आणि खेळायचे. 1552 च्या एका सनदेत गावकऱ्यांचा खेळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. पुढे जमीन खाजगी हातांत गेली, वाद झाले आणि 1894 साली ब्रिटिश संसदेच्या कायद्यामुळे ती पुन्हा गावाकडे आली. 2004 पर्यंत गोल्फचे नियम ठरवणारा आणि त्यासाठी जगभर ओळखला जाणारा तिथला क्लब 1754 चा आहे, पण मैदान क्लबच्या मालकीचं नाही. शुल्क भरून कुणीही खेळू शकतं, आणि जुन्या मैदानावर रविवारी एरवी खेळ बंद असतो, लोक फिरायला जातात.

म्हणजे ते मूळचं गुरचरणच! मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. पौष पौर्णिमेला जिथे गुरांचा बाजार भरतो, ती जागा वर्षभर बाजाराची नसते. एकाच जागेचे अनेक वापर आणि प्रत्येक वापराचा वेगळा हक्क, ही गोष्ट गावाकडच्या माणसाला शिकवावी लागत नाही. तुमचा असा अनुभव संशोधनात कामाला येतो, तो घरी ठेवून येऊ नका.

दुसरी पायरी: आपल्याकडचा पुरावा शोधा

ब्रिटिशांबरोबर गोल्फ भारतात लवकर आला. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईचा 1842 चा. म्हणजे इथे हा खेळ माळावरून नाही, थेट क्लबातून आला. पण मुंबईत सार्वजनिक मैदानावरून जे मोठं भांडण झालं, ते गोल्फवरून नव्हतं. ते क्रिकेट आणि पोलोवरून होतं.

1875 साली बॉम्बे जिमखाना सुरू झाला, फक्त युरोपियनांसाठी. त्यांना मैदानावर स्वतःची राखीव जागा होती. पण पोलो खेळायला ते बाहेरच्या, म्हणजे भारतीय मुलं जिथे क्रिकेट खेळायची त्या जागेवर यायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठेही उसळायचा. 1881 साली शापूरजी सोराबजी आणि शेकडो भारतीय खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. काही काळ त्यांच्या बाजूने निर्णय झाला, मग तो फिरवला गेला. सोराबजींनी या लढ्याची हकीकत 1897 साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला सापडते.

शेवट काय झाला, तो संशोधकाने नीट पाहावा. पुढच्या वर्षांत पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकाठी स्वतंत्र जागा मिळाल्या. म्हणजे सार्वजनिक मैदानाच्या वादावर तोडगा निघाला तो आणखी बंदिस्त जागांचा, तोही समाजागणिक. मागितलं होतं मैदान, मिळाले जिमखाने.

हेच गोल्फला लावून बघा. विलिंग्डन क्लब हा लॉर्ड विलिंग्डन यांच्या गव्हर्नरपदाच्या शेवटच्या काळात निघाला. ते 1913 ते 1918 गव्हर्नर होते. त्यांच्या भारतीय पाहुण्याला गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी हा क्लब काढला, असं सांगतात. ही झाली सांगोवांगी. अशी गोष्ट वाचली की दोन कामं करायची: ती पहिल्यांदा छापली कधी गेली ते शोधायचं, आणि ती सांगून कुणाला काय मिळतं ते विचारायचं. या क्लबात भारतीयांना प्रवेश होता, हे खरं. पण कुठल्या भारतीयांना? वंशाचं दार उघडलं, ऐपतीचं बंदच राहिलं. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 चा, तोही सभासदांचाच.

दिल्लीत गोष्ट उलटी घडली. तिथलं लोधी परिसरातलं मैदान 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकेचं म्हणून सुरू झालं आणि 1950 मध्ये त्याचा सभासदांचा क्लब झाला. गवत तेच, झाडं तीच, फक्त फाटकावरचा नियम बदलला.

आणि आपल्या बाजूचं सार्वजनिक मैदान म्हणजे सिडकोचं खारघरचं, 2012 मध्ये खुलं झालेलं. सभासद नसाल तरी शुल्क भरून खेळता येतं. चेंबूरपेक्षा हे नक्कीच मोकळं आहे. पण सिडको ज्या नवी मुंबईसाठी 1970 साली स्थापन झाली, त्या नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे 'सार्वजनिक' शब्दाच्याही मागे एक सात-बारा असतो.

तिसरी पायरी: प्रश्न फोडा

आता आपल्या मूळ प्रश्नाचे चार प्रश्न करू.

1. मालकी कुणाची? (सात-बारा, मालमत्ता पत्रक, भाडेकरार)
2. प्रवेश कुणाला? (क्लबचे नियम, सभासद यादी, शुल्क)
3. निर्णय कोण घेतं? (समितीची इतिवृत्तं, सरकारी ठराव)
4. पाणी कुठून येतं?

पहिले तीन कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात सुचतील. चौथा सुचायला उन्हाळ्यात शहापुरात राहिलेलं असावं लागतं.

शहापूर तालुक्यात तानसा आहे, 1892 चा. म्हणजे चेंबूरचा क्लब निघायच्या 35 वर्षं आधीपासून हे पाणी मुंबईला जातंय. मग मोडकसागर, 1957. मग भातसा, 1980 च्या दशकातला. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं आणि त्यात एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा आहे. मुरबाडच्या बाजूला बारवी, त्याचं पाणी औद्योगिक वसाहतींना आणि शहरांना. काळू नदीवरच्या धरणाचं काम 2012 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. आणि याच पट्ट्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो. जाडजूड जलवाहिनी शेजारून जाते आणि बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात, हे चित्र इकडच्या कुणालाच नवीन नाही.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर. समजा 18 होलच्या मैदानातलं 20 हेक्टर गवत हिरवं ठेवायचंय आणि मे महिन्यात रोज 5 मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. 20 गुणिले 5 गुणिले 10,000, म्हणजे रोज 10 लाख लिटर. दहा हजारी टँकर धरला तर 100 टँकर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे, त्या हिशेबाने हे 18,000 माणसांचं पाणी.

इथे थांबा! हा आकडा मोठा वाटतो म्हणून लगेच लेख लिहायला बसू नका. माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं. 20 हेक्टर आणि 5 मिलिमीटर ही गृहीतकं आहेत, मोजमाप नाही. शिवाय पाणी पिण्याच्या नळाचं, विहिरीचं की प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं, यावर सगळा अर्थ बदलतो. सांडपाणी असेल तर पाड्यावरचा हंडा आणि ते गवत यांचा थेट संबंध उरत नाही. राग हा विषय निवडायला चांगला, निष्कर्ष काढायला नाही. विशेषतः विषय आपल्या गावाचा असतो तेव्हा हे पाळणं जड जातं, पण तेव्हाच त्याची गरज जास्त असते.

मग प्रश्न काय झाला?

सुरुवातीला होता: 'खाजगी क्लब बरा की सार्वजनिक मैदान?' आता तो असा मांडता येईल: 'मुंबई परिसरात 1875 नंतर खेळाच्या मोकळ्या जागांचे हक्क कुणाकडून कुणाकडे गेले, आणि त्या जागा राखण्याचा खर्च जमीन व पाण्याच्या रूपात कुणी सोसला?' याला काळ आहे, जागा आहे, पुराव्याची साधनं आहेत, आणि उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध येऊ शकतं. ही शेवटची अट सर्वात महत्त्वाची. उत्तर आधीच माहीत असेल तर संशोधन कशाला करायचं?

मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. खेळायचंच असेल तर जिथे तुमच्या गावचा माणूसही ओळखीशिवाय आत जाऊ शकतो ते मैदान बरं, असं माझं मत. मत म्हणूनच घ्या.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या गावातलं किंवा वस्तीतलं एक मैदान निवडा आणि वरचे चार प्रश्न त्याला विचारा. सात-बारा ऑनलाइन मिळतो. बाकीच्यासाठी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. पहिल्या वीस मिनिटांत काहीच हाती लागणार नाही, तरी उठू नका.