उघडावे की उतरवून घ्यावे

सर्व्हरवरील स्क्रिप्टने धाडलेली फाइल ब्राउझरने तेथल्या तेथे वाचकापुढे मांडावी की डिस्कवर उतरवून घ्यावी, हे ज्या ओळीने सुचविले जाते, त्या ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ नामक हेडरचे माहेर वेब नव्हे, ई-मेल होय. १९९२ साली नॅथॅनियल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी ‘माइम’ची व्यवस्था प्रसृत केली, तेव्हा पत्राच्या पोटात चित्रे, ध्वनी, दस्तऐवज घालण्याची सोय झाली खरी, परंतु आतला ऐवज कोणत्या जातीचा एवढेच ती सांगे, तो मजकुरातच दाखवावा की जोडपत्र म्हणून बाजूस ठेवावा, याविषयी तिच्यात तरतूद नव्हती. ही उणीव रेन्स ट्रूस्ट आणि ‘युडोरा’ या ई-मेल प्रोग्रामचे कर्ते स्टीव्ह डॉर्नर यांनी जून १९९५ मध्ये एका लेखाद्वारे भरून काढली: ‘इनलाइन’ असा शेरा असल्यास ऐवज पत्रासोबत दिसावा, ‘अटॅचमेंट’ असल्यास वाचणाऱ्याने मागितल्याखेरीज उघडू नये, आणि फाइलचे नावही पाठविणाऱ्याने सुचवावे. मात्र परक्याने सुचविलेले नाव डोळे मिटून स्वीकारल्यास आपलीच एखादी फाइल पुसली जाईल, हा इशाराही तेथेच नमूद आहे. त्या लेखातील सर्वांत शहाणा भाग मला तोच वाटतो.

वेबने ही ओळ उचलली ती रीतसर दत्तकविधान न करता. ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संभाषणाचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्याच्या जून १९९९ च्या मसुद्याने तिला परिशिष्टात जागा दिली, तीही ‘मानकाचा भाग नव्हे, पण वहिवाट आहे’ अशा शेऱ्यानिशी. पुष्कळ प्रोग्रामर मंडळी तर ‘फोर्स-डाउनलोड’ असा बनावट प्रकार जाहीर करून ब्राउझरला बुचकळ्यात पाडीत आणि डाउनलोड साधून घेत.

पीएचपी या सर्व्हरवरील स्क्रिप्टच्या भाषेत हे हेडर धाडण्याचे काम ‘हेडर’ या फंक्शनने एका ओळीत होते. अट इतकीच की मजकुराचा पहिला बाइट रवाना होण्यापूर्वी ते व्हावे. पीएचपी कोडच्या सुरुवातीच्या खुणेआधी नजरचुकीने राहिलेली कोरी ओळही मजकुरातच जमा होते, आणि हेडर आधीच गेल्याची तक्रार पडद्यावर उमटते.

खरा तंटा फाइलच्या नावांचा. रोमन लिपीपलीकडच्या नावांची वाट प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने लावी. जून २०११ मध्ये ज्युलियन रेश्के यांच्या मानकाने तारांकित ‘फाइलनेम’ ही एक रीत वेबपुरती मुक्रर केली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन अंक अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे ‘सातबारा’ एवढे नाव ६३ चिन्हांची मजल गाठते. जुन्या ब्राउझरांसाठी साधे रोमन नावही सोबत द्यावे, आणि ते आधी ठेवावे, कारण उलट क्रमाने काहीजण अडखळत. तारांकित नाव ज्याला कळते, तो साधे बाजूला सारतो.