पिष्ट, अमायलॉन, निशास्ता

‘पिष्ट’ म्हणजे दळलेले, वाटलेले. संस्कृत ‘पिष्’ धातूचे हे रूप प्राकृतात ‘पिट्ठ’ झाले आणि मराठीत ‘पीठ’ होऊन पिठी-पिठल्यापर्यंत पोचले. लॅटिनमधला कुटणे या अर्थाचा ‘पिन्सेरे’ त्याचा सगोत्र. इंजिनातला पिस्टन त्याच घराण्यातला. पाठ्यपुस्तकांनी स्टार्चसाठी ‘पिष्ट’ घेतला तो पिठात मुख्यतः तेच असते म्हणून असावा.

ग्रीकांनी मात्र नेमके उलटे नाव ठेवले: ‘अमायलॉन’. यातला ‘अ’ आपल्याच नकारार्थी ‘अ’चा भाऊ आणि ‘मायले’ म्हणजे जाते. जात्यावाचूनचे! रोमन लेखक केटो याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात कृती दिली आहे: गहू दहा दिवस भिजवायचा, रोज दोनदा पाणी घालायचे, मग कापडातून पिळून दुधासारखा रस काढायचा. कुरडयांचा चीक काढणाऱ्यांना हे परके वाटू नये. आपण मध्ये गहू वाटतो, एवढाच फरक. रुईचा चीक आणि गव्हाचा चीक एकाच शब्दात बसतात, यावरून त्यातला मूळ भाव पांढऱ्या, चिकट पाझराचा दिसतो.

फारसीचे लक्ष वेगळ्याच क्षणाकडे गेले. ‘निशास्ता’ म्हणजे बसवलेले, तळाशी बसू दिलेले. मागे ‘नि’ उपसर्ग आणि ‘सद्’ धातूचा इराणी भाऊ असावा; म्हणजे ‘उपनिषद्’ आणि खळीचा साका दूरचे नातलग ठरतात!

वनस्पतीच्या पेशीत डोकावले की ही नावे पुन्हा तपासावीशी वाटतात. पान दिवसा हरितलवकात स्टार्चचे कण रचते आणि रात्री ते मोडून साखर पुरवते. लाल शैवले हेच कण लवकाबाहेर साठवतात. मोडण्याचे काम अमायलेजसारखी विकरे करतात. १८३३मध्ये पायें आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून असे विकर वेगळे काढले आणि त्याला ‘डायास्टेज’, म्हणजे विलगीकरण, हे नाव दिले. इथे कुठेच जाते नाही, तेव्हा ग्रीक नाव शोभते. पण मुळाच्या टोपीतले स्टार्चने जड झालेले कण पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला ‘खाली’ कुठे ते कळते. ‘निशास्ता’ इथे अक्षरशः खरा ठरतो.

माझा कौल फारसीला. चिकाच्या तळाशी बसणाऱ्या पांढऱ्या थराला तुमच्या घरी काय म्हणतात, ते जरूर कळवा.