कथेचे घटक

कथेची बांधणी ज्या अंगांनी होते, त्यांना कथेचे घटक म्हणतात. कथानक, पात्रे, स्थळकाळ व वातावरण, संघर्ष, निवेदन, संवाद, भाषा आणि आशयसूत्र ही त्यांची नेहमीची यादी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती जवळपास याच क्रमाने उतरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक परिच्छेद येतो. कथा मात्र अशी वाटणी पाळत नाही. जागा थोडी असल्याने तिच्यातले एकच वाक्य पात्र उभे करते, वातावरण आणते आणि घटनाही पुढे सरकवते. शिवाय यांपैकी मुख्य घटक कोणता, याचे उत्तर मराठी कथेत दर पिढीगणिक बदलत आले आहे.

घटनांचा कार्यकारणाने जोडलेला क्रम म्हणजे कथानक. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या दृष्टीने मुद्दाम वाचावी. मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर राबणाऱ्या भीमाची खाण बंद पडते. हा धिप्पाड गडी आधी स्मशानातल्या राखेत सोन्याचे कण शोधतो आणि पुढे पुरलेली मढी उकरण्यापर्यंत जातो. एका रात्री ताज्या मढ्यासाठी तो कोल्ह्यांशी झुंजतो. तोंडातले सोने काढताना त्याची बोटे मढ्याच्या दातांत अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते. ही बातमी आदल्या दिवशी आली असती, तर कथाच घडली नसती. तरीही कलाटणी वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही, कारण दगड फोडणारे हात हेच भीमाचे सगळे भांडवल आहे, हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते. संघर्षाचेही तसेच. डोळ्यांपुढे दिसते ती कोल्ह्यांशी झुंज; खरा झगडा पोटाशी चालू असतो. बंद खाण आणि स्मशान ही स्थळेही केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत; पहिले स्थळ भीमाला दुसऱ्याकडे ढकलते.

कथानकाला सर्वाधिक मान मिळाला तो ना. सी. फडके यांच्या काळात. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिने एकच परिणाम साधावा, हा विचार अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी 1842 मध्ये हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना मांडला होता. तोच धागा फडके यांच्या तंत्रविचारात दिसतो : थोडी पात्रे, थोडे प्रसंग, आकर्षक प्रारंभ, वाढती गुंतागुंत आणि परिणामकारक शेवट. मासिकांच्या पानांत बसणारी सुबक कथा यातून तयार झाली. तिचा तोटा असा की गुपित एकदा फुटले की दुसऱ्या वाचनाला फारसे काही उरत नाही. तंत्राच्या नावाने पुढे बरीच नाके मुरडली गेली. त्यातली काही टीका रास्त होती. पण कोणता तपशील वगळायचा, ही शिस्त मराठी कथेला याच पिढीने लावली, हेही मान्य करायला हवे.

पात्राच्या मनाकडे कथेचे तोंड वळवण्याचे श्रेय दिवाकर कृष्ण यांना देतात. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने घटनेचे महत्त्व आणखी कमी केले. गाडगीळांच्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘मानसचित्रे’ (1946) असे आहे. माडगूळकरांची वाट निराळी. ‘माणदेशी माणसे’ (1949) मध्ये माणूस कळतो तो त्याच्या चालण्याबोलण्यातून. त्याच्या मनात काय चालले आहे, हे लेखक क्वचितच उघड करून सांगतो. यांना कथा म्हणावे की व्यक्तिचित्रे, हा वाद जुनाच आहे. कथानक हाच निकष धरला तर ती व्यक्तिचित्रे ठरतात, इतकेच.

यादीत निवेदनाला मधली कुठलीतरी जागा मिळते. वस्तुतः ते पहिले हवे. कोण सांगतो आहे, त्याला किती माहीत आहे आणि तो किती सांगतो, यावर बाकीचे घटक ठरतात. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (संग्रह 1963) या कथेतला ‘मी’ नोकरीसाठी परगावी येतो आणि जात लपवून राहतो. वाचकाला त्याचे गुपित माहीत असते, भोवतालच्यांना नसते. त्यामुळे आपुलकीचा प्रश्नसुद्धा धमकीसारखा ऐकू येतो. हीच हकीकत घरमालकाच्या तोंडी घातली, तर ती फसवणुकीची तक्रार होईल. द. मा. मिरासदार यांच्या विनोदी कथांत निवेदक गंभीर चेहऱ्याने अतिशयोक्ती करतो. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर कथाकथनाचे जाहीर कार्यक्रम करीत. समोरच्या श्रोत्याला धरून ठेवण्याची ती लकब मिरासदारांच्या छापील कथेतही जाणवते.

संवाद व भाषा यांबाबत ग्रामीण कथेने बराच काळ एक तडजोड पाळली : संवाद बोलीत, निवेदन प्रमाणभाषेत. तिच्यामुळे शहरी वाचकाची सोय झाली. पण सांगणारा गावाबाहेरचा आहे, असेही त्यातून नकळत सूचित होई. बोली निवेदनात शिरली तेव्हा हे अंतर मिटू लागले.

आशयसूत्र म्हणजे कथेतून जाणवणारे मध्यवर्ती सूत्र. त्याला तात्पर्य समजणे ही शाळेतली सवय. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ मध्ये बाजारात टोमॅटोचा भाव पडत जातो आणि अखेर शेतकरी बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो. शेतमालाच्या भावाविषयी कथेला वेगळे भाष्य करावे लागत नाही. चिखलाचा रंग पुरतो. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ (1972) मधील काही कथांत आशय रूपकांतून येतो आणि एकच एक अर्थ हाती लागत नाही.

सगळेच घटक सगळीकडे सारख्या प्रमाणात नसतात. अलीकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘अलक’ म्हणजे अति लघुकथेत पात्रांना बहुधा नावे नसतात, स्थळकाळ एखाद्या शब्दावर भागतो आणि सारी भिस्त शेवटच्या ओळीतल्या कलाटणीवर असते.